शोरूमची डेमो गाडी घेताना

मढच्या माणसाला गाडी म्हणजे चैन वाटत नाही. वर्सोवा समोर दिसते, फेरीबोट पाच-दहा मिनिटांत पलीकडे नेते, मोटारसायकलही बोटीत चढते. पण मोटारगाडी चढत नाही. ती एरंगळ, आक्सा, मार्वे, मालाड असा वळसा घालूनच अंधेरीला पोहोचते. हा फेर सुमारे वीस किलोमीटरांचा पडतो. रात्री घरात कोणी आजारी पडले किंवा धंद्याचा माल पहाटे पोहोचवायचा असला म्हणजे गाडीची किंमत कळते. म्हणून हल्ली येथील अनेक कुटुंबे नवी नाही तरी नव्यासारखी गाडी शोधतात, आणि मग कोणीतरी सांगतो, "शोरूमची डेमो गाडी घ्या, लाखभर वाचतील."

डेमो गाडी म्हणजे गिऱ्हाइकांना चालवून दाखविण्यासाठी शोरूमने ठेवलेली गाडी. परदेशात दुरुस्तीला आलेल्या गिऱ्हाइकाला तात्पुरती वापरायला गाडी देतात व पुढे तीच विकतात किंवा भाड्याने देतात. आपल्याकडे त्या जागी बहुधा ही डेमो गाडीच विक्रीला येते. वर्षभर किंवा नवे मॉडेल येईपर्यंत ती फिरते आणि मग काढून टाकली जाते. व्याजाचे कर्ज टाळून साठवलेल्या रोख पैशांत व्यवहार करू पाहणाऱ्या आपल्या वाचकांना हा सौदा विशेष सोयीचा वाटतो. सौदा वाईट नाही, परंतु हिशेब नीट मांडला पाहिजे.

समजा, नवी गाडी सर्व खर्चासह ९ लाखांना पडते आणि दहा महिने वापरलेली डेमो गाडी शोरूमवाला ८ लाखांना देतो. एक लाख वाचले असे वाटते. पण कंपनीची वॉरंटी पहिल्या विक्रीच्या किंवा नोंदणीच्या तारखेपासून मोजली जाते, तुम्ही घेतल्या दिवसापासून नव्हे. म्हणजे दहा महिने गेले. आरसी बुकात तुम्ही दुसरे मालक ठरता, त्यामुळे पुढे विकताना भाव कमी येतो. विम्यातील 'नो क्लेम बोनस' गाडीबरोबर येत नाही, तो आधीच्या मालकाचा असतो. टायर झिजलेले असतील तर तो खर्च निराळा. हे सारे वजा केले म्हणजे त्या एका लाखातले फार थोडे हाती उरते. आमच्या मते अशा गाडीसाठी नव्यापेक्षा निदान पंधरा-वीस टक्के कमी भाव मिळत नसेल, तर थोडे थांबून नवीच घ्यावी.

येथे एक गोष्ट आवर्जून सांगतो. भावाची तुलना शोरूमच्या जुन्या बिलाशी करू नये. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान गाड्यांवरील जीएसटी १८ टक्क्यांवर आला व नव्या गाड्यांचे भाव उतरले. त्याआधीच्या बिलावर बोट ठेवून "बघा, किती स्वस्त देतोय" असे कोणी म्हणत असेल, तर आज नवी केवढ्याला मिळते ते दुसऱ्या शोरूममध्ये विचारून यावे. तसेच महाराष्ट्रात कंपनीच्या नावावरील गाडीला एकरकमी वाहनकर खासगी व्यक्तीपेक्षा पुष्कळ जास्त पडतो. तो शोरूमने भरला हे खरे. पण तो तुमच्या डोक्यावर का यावा? तुम्ही स्वतः नवी गाडी घेतली असती तर जो कर भरला असता, तोच हिशेबात धरावा.

आता फसवणुकीबद्दल. डेमो म्हणून सांगून विकली तर तो सरळ व्यवहार. वापरलेली किंवा जुनी गाडी कोरी म्हणून गळ्यात मारली तर ती फसवणूक. गोव्यातील एका ग्राहकाने २०११ चे मॉडेल म्हणून पैसे भरले आणि त्याला मिळाली २००९ ची गाडी, ६२२ किलोमीटर चाललेली, खालचा भाग गंजलेला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. फेब्रुवारी २०२१ मध्ये न्यायालयाने निर्माती कंपनी टाटा मोटर्स हिला जबाबदारीतून मोकळे केले, कारण डीलर हा कंपनीचा नोकर किंवा दलाल नसून स्वतंत्र व्यापारी असतो आणि कंपनीला हा प्रकार ठाऊक होता असे सिद्ध झाले नव्हते. म्हणजे मोठ्या कंपनीची पाटी दारावर आहे एवढ्यावर विसंबता येत नाही. गाडी केव्हा बनली तो महिना व वर्ष कागदावर पाहावे, चॅसिस नंबर स्वतः जुळवावा आणि "ही डेमो गाडी असून इतके किलोमीटर चाललेली आहे" हे वाक्य बिलावर लिहून घ्यावे. दाद मागायची वेळ आली तर हाच कागद ग्राहक आयोगापुढे उपयोगी पडतो.

चॅसिस नंबर हाती आला की त्याच कंपनीच्या दुसऱ्या वर्कशॉपमध्ये सर्व्हिसचा इतिहास विचारावा. गाडी ठोकली गेली असेल तर बहुधा तेथे कळते. डेमो गाडीचे किलोमीटर कमी असले तरी ते शंभर निरनिराळ्या पायांनी दाबलेले असतात. नवशिक्यांनी क्लच जाळलेला असतो, हौशी मंडळींनी थंड इंजिन ओढलेले असते. म्हणून आपला मिस्त्री बरोबर न्यावा आणि गाडी चढावर चालवून पाहावी. मढकरांनी तर गाडी वर उचलून खालचा पत्रा पाहिल्याशिवाय पैसे देऊच नयेत. आपल्याकडील खारा वारा पत्रा आधीच खातो. त्यात उघड्या यार्डात पावसाळा काढलेली गाडी आली तर गंजाला आयतेच घर मिळते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा पाण्यात बुडालेल्या गाड्या पुढे धुऊनपुसून बाजारात आल्या होत्या. गालिच्याखाली हात घालावा, सीटबेल्ट पूर्ण ओढून मातीची रेघ आहे का ते बघावे.

कागदपत्रांत बँकेचा बोजा पाहावा. शोरूम डेमो गाड्याही कर्जावर घेतात. आरसीवर बँकेचे नाव असेल तर बँकेचा दाखला व फॉर्म ३५ मिळाल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये. नावबदलासाठी फॉर्म २९ व ३० लागतात, आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचे असते. थकलेली ई-चलने परिवहनच्या संकेतस्थळावर दिसतात. ती विकणाऱ्याने आधी भरावीत.

विम्याच्या बाबतीत आमच्या घरातच ठेच लागली. एका नातलगाने अशी गाडी घेतली, विमा आठ महिने शिल्लक होता म्हणून निश्चिंत राहिला. विसाव्या दिवशी मार्वेच्या वळणावर गाडी भिंतीला घासली. विमा कंपनीने नुकसानभरपाई नाकारली, कारण पॉलिसी अद्याप शोरूमच्याच नावावर होती. कायद्याने तिसऱ्या व्यक्तीचा विमा आपोआप नव्या मालकाकडे येतो, पण आपल्या गाडीच्या नुकसानीचा भाग १४ दिवसांत अर्ज करून नावावर करून घ्यावा लागतो. दुरुस्तीचे पैसे त्याने खिशातून भरले, आणि डेमो गाडीत वाचलेली रक्कम बहुतेक तेथेच गेली.