पाण्याचा हिशेब

हस्ताचा पाऊस पडून जातो, ओढ्याचे पाणी निवळते, आणि रब्बीच्या पिकांचे विचार शेतकऱ्यांच्या मनात घोळू लागतात. कोणी म्हणतो, यंदा कांदा लावावा. कोणाला गहू करावयाचा असतो. कोणी ज्वारीवर समाधान मानतो. बहुतेक गावांत हा ज्याचा त्याचा प्रश्न असतो. अहिल्यानगर जिल्ह्यातील, नगर तालुक्यातील हिवरे बाजार या गावी मात्र तो साऱ्या गावाचा प्रश्न समजला जातो. पावसाळा सरल्यावर तेथे ग्रामसभा भरते आणि तिच्यापुढे गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडला जातो. यंदा पाऊस किती झाला, विहिरींना पाणी किती आले, त्यांतून पिण्यास किती, गुराढोरांस किती आणि शेतीस किती, हे ठरल्यावाचून पिकांची गोष्ट पुढे जात नाही.

ग्रामसभा म्हणजे ग्रामपंचायत नव्हे. पंचायतीत निवडून दिलेले सदस्य आणि सरपंच असतात. पण गावच्या मतदारयादीत ज्याचे नाव आहे असा प्रत्येक स्त्री-पुरुष ग्रामसभेचा सभासद असतो. त्याला कोणी निवडून द्यावे लागत नाही आणि कोणी काढूनही टाकू शकत नाही. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमात ग्रामसभेची तरतूद आहे, आणि राज्यघटनेच्या त्र्याहत्तराव्या दुरुस्तीने, जी १९९३ मध्ये अमलात आली, तिला घटनेतही स्थान मिळाले. सभेला एकूण मतदारांपैकी १५ टक्के किंवा १०० जण, यांपैकी जी संख्या कमी असेल तितके, हजर असावे लागतात. तितके जमले नाहीत तर सभा तहकूब होते, आणि तहकूब झालेली सभा पुन्हा भरते तेव्हा ही अट राहत नाही. हा नियम सोयीसाठी केलेला असला, तरी ज्यांना गावासमोर उभे राहणे नको असते त्यांनाही तो फार सोयीचा वाटतो. पहिल्या सभेला कोणी येत नाही, आणि दुसरी सभा चार-दोन माणसांत उरकली जाते! कागदावर सारे नियमाप्रमाणे असते. गाव मात्र घरीच असते.

हिवरे बाजारही एके काळी याहून वेगळे नव्हते. हे गाव पर्जन्यछायेच्या प्रदेशात वसले आहे. वर्षाकाठी येथे सरासरी सुमारे ४०० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि तोही भरवशाचा नाही. पूर्वी कुस्तीसाठी हे गाव पंचक्रोशीत नावाजलेले होते. १९७२ च्या भीषण दुष्काळाने त्याची घडी विसकटली. सरपणासाठी डोंगरावरील झाडे तुटली. उघड्या उतारावरून पावसाचे पाणी मातीसह वाहून जाऊ लागले. विहिरी हिवाळ्यातच तळ दाखवू लागल्या. शेतीत राम उरला नाही तेव्हा धडधाकट माणसे मजुरीसाठी बाहेर पडली, आणि मागे राहिलेल्यांत दारू आणि भांडणे यांनी घर केले. १९८९ मध्ये गावातीलच पोपटराव पवार हे उच्चशिक्षित तरुण सरपंच म्हणून निवडले गेले, तेव्हा गावाची ही अवस्था होती. पुढे २०२० मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. तथापि आरंभीच्या त्या दिवसांत त्यांच्या हाती गावाला एकत्र बसविण्यावाचून दुसरे साधन नव्हते.

शाळेपासून आरंभ झाला. मग डोंगरउतारावर समपातळीचे चर खणले गेले, ओढ्यांवर बंधारे झाले, झाडे लागली. शासनाच्या रोजगार हमी योजनेचे आणि १९९० नंतरच्या दशकात आदर्श गाव योजनेचे साहाय्य मिळाले. परंतु चर खणणे हे त्यामानाने सोपे काम होय; त्यात मजुरीही मिळते. खरी कसोटी ग्रामसभेने घातलेल्या बंधनांच्या वेळी लागली. कुऱ्हाडबंदी झाली, म्हणजे झाड तोडावयाचे नाही. चराईबंदी झाली, म्हणजे डोंगरावर जनावरे मोकाट सोडावयाची नाहीत.

चराईबंदीने कोणाचे नुकसान होणार होते? ज्याला दहा एकर जमीन आहे त्याचे फारसे नाही. त्याला बांधाचे गवत असते, कडबा असतो. ज्याला जमीनच नाही आणि चार शेळ्या हीच ज्याची मिळकत, त्याला मात्र डोंगर बंद होणे म्हणजे चूल बंद होण्यासारखे होते. सभेत हात वर करणाऱ्यांची संख्या मोजून असा प्रश्न सुटत नाही. कारण शेळ्यावाले नेहमीच थोडे आणि जमीनवाले पुष्कळ असतात. म्हणून जनावरे सोडण्यास बंदी राहिली, पण अल्प शुल्क देऊन डोंगरावरील गवत कापून नेण्यास मुभा मिळाली. उतारावर गवत टिकले, तसे पाणी मुरू लागले, आणि चाराही पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक हाती येऊ लागला. शेळ्यांची जागा पुष्कळ घरी दुभत्या गाईंनी घेतली. तरीही ज्याने आपल्या शेळ्या विकल्या, त्याच्यासाठी पहिली वर्षे कठीणच गेली असतील, हे विसरता येत नाही.

पाणी मुरले, विहिरी भरल्या, आणि मग एक नवाच प्रश्न उभा राहिला. पाणी नव्हते तेव्हा वाटण्यासारखे काहीच नव्हते. आता पाणी आले, ते कोणी वापरावे? हा प्रश्न अटीतटीचा होऊ नये म्हणून २००४ पासून गावाने दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडण्याची पद्धत पाडली. त्यामागचे गणित पाचवी-सहावीच्या विद्यार्थ्यालाही करता येईल इतके सोपे आहे.

गावाचे क्षेत्र सुमारे ९७६ हेक्टर आहे. एक हेक्टर म्हणजे १०,००० चौरस मीटर. एवढ्या जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला तर १० घनमीटर, म्हणजे १०,००० लिटर पाणी पडते. तेव्हा साऱ्या गावावर पडलेल्या एका मिलिमीटर पावसाचे पाणी झाले सुमारे ९८ लाख लिटर. सोयीसाठी एक कोटी म्हणावे. सरासरीइतका, म्हणजे ४०० मिलिमीटर पाऊस झाला तर ३९० कोटी लिटर पाणी आकाशातून गावाला मिळते.

आता गावाला प्यायला आणि घरकामाला किती लागते ते पाहावे. गावाची लोकसंख्या १,३०० धरली आणि माणशी रोज ५५ लिटर पाणी धरले, तर वर्षाला सुमारे २ कोटी ६० लाख लिटर पाणी लागते. म्हणजे तीन मिलिमीटरहूनही कमी पावसात साऱ्या गावाची वर्षाची तहान भागावी! मग अशा गावाच्या वेशीवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहण्याची पाळी का यावी?

याचे उत्तर हिशेबाच्या पुढच्या ओळीत आहे. पडलेल्या पाण्यापैकी बरेचसे उन्हाने वाफ होऊन उडून जाते, काही मातीत ओलावा म्हणून राहते, काही ओढ्याने वाहून जाते. दख्खनच्या काळ्या पाषाणात पाण्याला शिरावयास जागा थोडी; वरच्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत जे साठेल तेच विहिरीला मिळते. अशा मुलखात जमिनीखाली पोहोचणारा भाग साधारणतः दहांशाच्या आसपास असतो. चर आणि बंधारे यांनी तो वाढविता येतो. पण ढोबळ हिशेबासाठी दहावा भाग धरला, तर ३९० कोटींपैकी ३९ कोटी लिटर विहिरींच्या वाट्याला येते. आता एक हेक्टर ऊस वर्षभरात दीड ते अडीच कोटी लिटर पाणी पितो. म्हणजे साऱ्या गावाला प्यावयास वर्षभर जितके पाणी लागते, जवळजवळ तितके एकटा एक हेक्टर ऊस पिऊन टाकतो. गावातील वीस हेक्टरांत ऊस उभा राहिला, तर जमिनीखालचे पाणी तेथेच संपले. उरलेल्या साडेनऊशे हेक्टरांनी आणि तेराशे माणसांनी काय करावे?

हे आकडे एकदा फळ्यावर लिहिले गेले म्हणजे सभेतील बोलण्याचा सूरच बदलतो. ज्याची विहीर ओढ्याकाठी आहे तो म्हणणार, "विहीर माझी, मोटार माझी, विजेचे बिल मी भरतो, मग ऊस लावू नको असे सांगणारे तुम्ही कोण?" या प्रश्नात तथ्य नाही असे म्हणता येत नाही. जमीन खरोखरच त्याची आहे. परंतु जमिनीखालचे पाणी शेताचा बांध ओळखत नाही. वरच्या शेतात मुरलेले पाणी खालच्या विहिरीत येते, आणि खालच्या विहिरीतून उपसा वाढला म्हणजे वरच्या विहिरीची पातळी खाली जाते. साऱ्या विहिरी म्हणजे एकाच घागरीला पडलेली निरनिराळी तोंडे होत. विंधन विहीर, म्हणजे लोक जिला बोअर म्हणतात ती, तर या घागरीच्या तळालाच छिद्र पाडते. म्हणून हिवरे बाजारच्या ग्रामसभेने शेतीसाठी विंधन विहिरी घेण्यास बंदी केली. त्या फक्त पिण्याच्या पाण्यासाठी ठेवल्या. ऊस आणि केळी यांसारखी पाणीखाऊ पिकेही बंद झाली. ज्वारीला उसाच्या सुमारे चौथा हिस्सा पाणी पुरते. कांदा, भाजीपाला यांना ठिबकने बेताचे पाणी देता येते.

शहरांतही नागरिकांच्या सभा होतात. प्रभागातील लोक जमतात, नगरसेवकांना बोलावतात आणि तुंबलेले गटार, विझलेले दिवे, न येणारे नळाचे पाणी यांविषयी गाऱ्हाणी सांगतात. तेथे मागणारे एका बाजूस आणि देणारे दुसऱ्या बाजूस बसतात. नगरसेवकाने आश्वासन दिले की टाळ्या पडतात, न दिले की आवाज चढतात. पाण्याच्या सभेत अशा दोन बाजू नसतात. सरपंच आणि पंच समोर बसलेले असले, तरी त्यांच्याजवळ देण्यासारखे जादा पाणी मुळीच नसते. ज्याने मागावयाचे त्यानेच सोडावयाचे, असा तो व्यवहार आहे. अशा सभेत टाळी मिळविणे फार कठीण!

पाऊस चांगला झाला त्या वर्षी काम हलके असते. पिण्याचे आणि जनावरांचे पाणी बाजूला काढूनही शेतीला पुष्कळ उरते. पाऊस ओढ देतो त्या वर्षी मात्र सभेत शांतता पसरते. फळ्यावरील पहिल्या दोन रकमा, माणसांची आणि गुरांची, कमी करता येत नाहीत. काटछाट होते ती तिसऱ्या रकमेत. मग पेरणीचे क्षेत्र आखडावे लागते. ज्याच्या घरी लग्न ठरले आहे, ज्याच्यावर कर्ज आहे, ज्याने कांद्याचे रोप आधीच टाकून ठेवले आहे, त्या प्रत्येकाला आपापली अडचण असते आणि ती खरी असते. आकडे त्या अडचणी दूर करीत नाहीत. एवढेच होते की, शेजाऱ्यालाही तेवढेच सोडावे लागत आहे हे प्रत्येकाला डोळ्यांनी दिसते. पाऊस किती पडला हे पर्जन्यमापक सांगतो, विहिरीत किती आहे हे दोर सोडून मोजता येते. त्यात कोणाचा वशिला चालत नाही.

बायकांचे म्हणणे या हिशेबात विशेष महत्त्वाचे ठरते. महाराष्ट्रात नेहमीच्या ग्रामसभेपूर्वी स्त्रियांची स्वतंत्र सभा घेण्याचा नियम आहे, आणि पाण्याच्या बाबतीत तो फार योग्य होय. विहिरीचे पाणी किती हात खाली गेले हे घागर ओढणाऱ्या हातांना फळ्यावर लिहिण्यापूर्वीच ठाऊक असते. पिण्याच्या पाण्याची रक्कम फळ्यावर सर्वांत वर का लिहावी, हे पुरुषांना समजावून सांगावे लागले असेल, बायकांना नाही.

सभा आटोपते. ठराव वाचला जातो, वहीत सह्या होतात, कोणी अंगठा उठवितो. माणसे दोघे-तिघे मिळून बोलत घरी परततात. कोणाच्या बोलण्यात थोडी कुरकुरही असते. फळ्यावरचे आकडे मात्र पुसले जात नाहीत. मिलिमीटरांत पाऊस, लिटरांत पाणी, हेक्टरांत पिके, असा तो हिशेब गावात सर्वांना दिसेल अशा जागी लिहिलेला राहतो. शेताकडे जाणारा गडी तो वाचतो, पाहुणा आलेला माणूस तो वाचतो, शाळेत जाणारी मुले तो मोठ्याने वाचत जातात. आणि ज्येष्ठात आभाळ भरून आले की पुढच्या ओळीसाठी पर्जन्यमापकाचे भांडे धुऊन ठेवले जाते.