करवंदाची रोपं विकायचीत? मग आधी हा हिशोब समजून घ्या

करवंदाची रोपवाटिका कमी भांडवलात सुरू होते. बी आपल्या सह्याद्रीतच मिळतं. पण इथे पैसा टिकतो तो दोन गोष्टींवर: ताजं बी आणि योग्य ग्राहक.

1. बी साठवू नका. करवंदाच्या बियांची उगवणक्षमता लवकर घटते. त्यामुळे सुकलेलं, जुनं बी स्वस्त मिळालं तरी घेऊ नका. मे महिन्यात निरोगी, भरपूर फळणाऱ्या जाळीवरची पूर्ण काळी झालेली करवंदं निवडा. गर कुस्करून बी पाण्यात स्वच्छ धुवा, सावलीत वरचं पाणी सुकू द्या आणि लगेच पेरा.

2. पेरणी. पिशवीत माती, वाळू आणि कुजलेलं शेणखत भरा. खाली भोकं हवीतच, पाणी साचलं की रोप कुजतं. प्रत्येक पिशवीत दोन बिया, साधारण 1 सेंटीमीटर खोल. दोन्ही उगवल्या तर जोमदार रोप ठेवा. कोवळ्या रोपांना थोडी सावली द्या. वाढ सुरुवातीला हळू असते, म्हणून विक्री पुढच्या पावसाळ्यात धरा. म्हणजेच तुमचे पैसे वर्षभर अडकणार!

3. दर कसा काढायचा? समजा, 1,000 पिशव्या भरल्या, मजुरी-पाण्यासह खर्च आला 9,000 रुपये. विकण्याजोगी रोपं निघाली 600. मग एका रोपाचा खर्च 9 नाही, 15 रुपये. भरलेल्या पिशव्या मोजून दर लावला तर 10 रुपयांना विकतानाही तोटाच होतो.

4. ग्राहक कोण? बियांपासूनची रोपं आईसारखीच निघतील याची खात्री नसते. फळाचा आकार, चव बदलते. दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या 'कोकण बोल्ड' जातीचं बी पेरलं, तरी त्या रोपाला 'कोकण बोल्ड' म्हणून विकू नका. फसवणुकीचा बोभाटा गावात लगेच होतो. फळबाग लावणाऱ्याला कलमं लागतात. तुमचा खरा ग्राहक म्हणजे काटेरी कुंपण हवं असलेला शेतकरी. त्याला फळ थोडं वेगळं निघालं तरी चालतं. 100 फुटांच्या एका ओळीला दोन फुटांवर 51 रोपं लागतात. हा आकडा त्याला बांधावर उभं राहूनच सांगा.

आजचा गृहपाठ: पेरणीआधी जवळच्या पाच शेतकऱ्यांना भेटा. कुणाला किती फूट कुंपण हवंय ते वहीत लिहा. तेवढ्याच मागणीवर पहिल्या वर्षीच्या पिशव्या भरा.