रथ, खाते आणि बारा आकडे

मिलिंद राजा आणि भदंत नागसेन यांचा रथाचा संवाद सभासद बंधू-भगिनींना ठाऊक आहेच. औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयाचे नावही याच राजावरून पडले. चाके, आस, दांडी, जू एकेक बाजूस काढले तर रथ उरतो कोठे? तसेच रूप, वेदना, संज्ञा, संस्कार, विज्ञान या पाच स्कंधांवेगळा नागसेन दाखविता येत नाही. ते व्यवहारापुरते नाव.

मग मुळात आहे काय? अभिधम्माने याचा हिशेबच मांडला आहे. चित्त 1 (त्याचे प्रकार 89, पण जात एकच), चेतसिके 52, रूपे 28 आणि निब्बाण 1, असे 82 धम्म. यांची पुढे फोड होत नाही. या यादीत 'माणूस' नाही, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात घ्यावे.

आम्ही बँकेत कारकुनी करतो. तेथेही हाच प्रश्न भेटतो. लेजरमध्ये खऱ्या त्या जमा-नावेच्या नोंदी. शिल्लक ही त्यांची बेरीज-वजाबाकी. संगणकाला मात्र अगोदर सांगावे लागते की 'ग्राहक' नावाची एक वस्तू आहे. 1976 साली पीटर चेन यांनी हीच रीत मांडली: आधी वस्तू कोणत्या ते ठरवा, मग त्यांचे गुण आणि परस्परसंबंध. नाव, पत्ता हे गुण बदलतात, म्हणून प्रत्येकास न बदलणारा क्रमांक द्यायचा.

29 सप्टेंबर 2010 रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली येथे पहिले आधार क्रमांक दिले गेले. त्या बारा आकड्यांवरून जात, धर्म, गाव काहीच कळत नाही. हे आम्हांस बरे वाटते. नागसेनांचीही हरकत नसती.

अडचण येते ती अंगठ्यापाशी. गंगाखेडकडील एक ऊसतोड करणारी बाई आमच्या खिडकीशी आली. बोटे झिजलेली, बँकमित्राच्या यंत्रावर ठसा जुळेना. आम्हीही पुन्हा ठसाच घेतला. जुळला नाही. रांगेतले लोक सांगत होते, हीच ती बाई. पण यंत्राने रूप तपासले होते आणि रूप बदलले होते. रात्रभर जळणाऱ्या दिव्याची ज्योत पहाटे तीच असते की दुसरी? नागसेनांच्या मते तीच नव्हे आणि दुसरीही नव्हे. यंत्राजवळ एवढी सवड नसते; जुळले किंवा नाही जुळले.

बाईला तीन खेपा पडल्या. तिसऱ्या खेपेस पासबुकावरचा फोटो पाहून, साक्षीदारांसमोर स्लिपवर अंगठा घेऊन आम्ही रक्कम दिली. हे पहिल्या दिवशीही करता आले असते. त्या दिवशी आम्ही पडद्याकडे पाहत होतो.