रूप बदलले, गाभा तोच

मुलांनो, मुरुडजवळ समुद्रात जंजिरा किल्ला आहे. तुम्हांला ठाऊक असलेल्या ‘जझीरा’ म्हणजे बेट, या अरबी शब्दावरून हे नाव आले. मराठी जिभेवर शब्दाचे रूप बदलले. अर्थ तोच राहिला.

खेळांचेही असेच होते. ‘माइनक्राफ्ट’ खेळात ठोकळे रचून तुम्ही असा किल्ला बांधू शकता. संगणकावर कुऱ्हाड बनवायची, तर फळ्या व काठ्या माउसने ठरावीक चौकोनांत मांडाव्या लागत. २०१२ साली हा खेळ एक्सबॉक्स ३६० वर आला. तेथे हाती माउस नव्हे, बटणांचा कंट्रोलर होता. म्हणून पडद्यावर वस्तूंची यादीच दिली. वस्तू निवडा, सामान असेल तर बटण दाबा! मांडामांड वाचली, पण तीन फळ्या आणि दोन काठ्या मात्र पूर्वीइतक्याच लागल्या.

साधन बदलले, तर रीत बदलावी. गाभा सोडू नये.