बांधकामातील टाकाऊ लाकूड : वापराचा योग्य क्रम

सोलापूरच्या बाळीवेस, उत्तर कसबा, मंगळवार पेठ अशा जुन्या वस्त्यांत आणि जिल्ह्यातील खेड्यांत माळवदाची घरे पूर्वी सर्रास आढळत. दगडमातीच्या जाड भिंती, ऐपतीप्रमाणे सागवान, लिंब वा बाभळीचे खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या आणि सर्वांत वर मातीचा जाड थर, अशी त्यांची रचना. उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांपुढे गेला तरी आत गारवा राही. घराचे मोजमापही लाकडावरूनच होई : दोन खांबांमधील जागा म्हणजे एक खण, आणि घर इतक्या खणांचे. आज ही घरे उतरवून त्या जागी काँक्रीटच्या इमारती उभ्या राहत आहेत.

घर उतरले की कोरीव चौकटी व दरवाजे जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्याकडे जातात. त्यांना गिऱ्हाईक आहे. तडकलेली तुळई, आखूड कडी, वाळवीने एका टोकाला खाल्लेला खांब यांची रवानगी मात्र बहुधा चुलीत, बंबात किंवा राडारोड्यात होते. यात काय गमावले जाते, याचे साधे गणित विद्यार्थ्यांनी करून पाहावे. 10 फूट लांब, 8 इंच रुंद व 8 इंच जाड तुळईचे घनफळ सुमारे 4.44 घनफूट, म्हणजे 0.126 घनमीटर भरते. सुक्या सागवानाचे वजन घनमीटरला सुमारे 650 किलो धरल्यास ही तुळई 82 किलोची झाली. सुक्या लाकडात जवळजवळ निम्मा कार्बन असतो. तो सर्व जळाला तर सुमारे 150 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. नवे झाड हा वायू पुन्हा शोषून घेईल, हे खरे. परंतु असा सागवान वाढण्यास काही दशके लागतात, आणि तुळई बंबात थोड्याच दिवसांत संपते.

म्हणून प्रश्न वापराच्या क्रमाचा आहे. विनयपिटकातील चुल्लवग्गात याचा एक उत्तम पाठ आहे. कौशांबीच्या राजा उदयनाच्या राण्यांनी भिक्खू आनंदांना पाचशे चीवरे दिली, तेव्हा एवढ्या वस्त्रांचे हे काय करणार, अशी शंका राजाला आली. आनंदांनी सांगितले की, ज्यांची चीवरे जीर्ण झाली आहेत त्या भिक्खूंना ती वाटू. मग जुन्या चीवरांचे काय? त्यांची आच्छादने होतील. ती जुनी झाली की गादीच्या खोळी, मग जमिनीवरील अंथरुणे, मग पायपुसणी, मग धूळ झाडण्याची फडकी. आणि शेवटी चिंध्या कुटून मातीत कालवून जमीन सारवू. संतुष्ट होऊन राजाने आणखी पाचशे वस्त्रे दिली. यातील प्रत्येक पायरी पहिलीपेक्षा हलकी आहे, पण एकही गाळलेली नाही.

लाकडालाही हाच क्रम लागू पडतो. अखंड तुळई शक्य तर तुळई म्हणूनच वापरावी. तडकलेली असेल तर चिरून चौकट, बाक किंवा मांडणी करावी. आखूड तुकड्यांतून पाट, फळ्या, खुंट्या निघतात. वर्षानुवर्षे सुकलेले लाकूड नव्यासारखे वाकत-पिळत नाही, हा त्याचा मोठा गुण. अडचण आहे ती खिळ्यांची. आत राहिलेला एक खिळा करवतीचे दात घालवतो, म्हणून सुतार असे लाकूड नाखुशीने घेतो. खिळे काढण्याची मजुरी लाकडाच्या किमतीला भारी पडते, हीच ठेकेदाराची तक्रार असते आणि ती खोटी नाही. वसतिगृहाच्या कार्यशाळेत मात्र हेच काम शिक्षणाचा भाग होऊ शकते.

नव्या बांधकामातील कचरा निराळा आहे. सेंट्रिंगच्या बल्ल्या आणि फळ्या अनेकदा वापरता येतात. पण प्लायचे तुकडे रासायनिक डिंकाने चिकटवलेले आणि तेल लावलेले असतात. मजुरांची कुटुंबे हेच तुकडे सरपण म्हणून घरी नेतात आणि त्यांचा विषारी धूर चुलीपुढे बसलेल्या माउलीच्या व लेकरांच्या छातीत जातो. जुन्या रंगवलेल्या दारांच्या रंगात शिसे असू शकते. घरगुती रंगांतील शिशावर 90 भाग प्रतिदशलक्ष ही मर्यादा नोव्हेंबर 2017 पासूनच लागू झाली. म्हणून प्लाय आणि रंगीत लाकूड चुलीत वा स्नानाच्या बंबात मुळीच घालू नये. स्वस्त सरपण म्हणून याकडे पाहणे मला तरी क्रूरपणाचे वाटते. त्याची राख भांडी घासण्यास वा शेतात टाकण्यासही घेऊ नये.

बांधकाम व पाडकाम कचरा व्यवस्थापन नियम, 2016 यांनुसार मोठ्या प्रमाणात कचरा निर्माण करणाऱ्याने लाकूड, लोखंड, काँक्रीट, विटा इत्यादी वेगवेगळे ठेवणे बंधनकारक करण्यात आले. तथापि बांधकामावर पडलेले लाकूड बेवारस नसते. दुसऱ्या पाराजिकेची कथा लाकडाचीच आहे : धनिय नावाच्या भिक्खूने राजा बिंबिसाराच्या कोठारातील लाकूड राजाने दिले असल्याचे सांगून नेले आणि त्यावरून अदिन्नादानाचा नियम घालून दिला गेला. विद्यार्थ्यांनी एक फळीही मालकाला विचारूनच उचलावी.

शेवटी उरतो भुस्सा. साध्या लाकडाचा भुस्सा एकटा लवकर कुजत नाही, कारण त्यात नत्र फार कमी असते. शेण आणि हिरवा पाला यांच्याबरोबर थर देऊन, ओलावा राखून व अधूनमधून खालीवर करून काही महिने ठेवल्यास त्याचे चांगले खत होते. प्लायचा भुस्सा त्यात मिसळू नये. तो वेगळ्या पोत्यात भरून महानगरपालिकेच्या कचरा संकलनाकडे द्यावा.