आक्काचे फोटो

सांगली

चि. वैदू,

रविवारी आक्काचा फोन आला. बोलता बोलता म्हणाली, "वैदूनं कॅमेऱ्यात फोटो बारीक करून ठेवलेत, म्हणजे कार्डात पुष्कळ मावतात आणि पाठवायलाही सोपे." तेव्हापासून माझं चित्त थाऱ्यावर नाही. तिच्या ऐकण्यात चूक झाली असेल तर उत्तम. नसेल तर आधी मेनू उघड. साइज 'एल' कर आणि क्वालिटी 'फाइन'. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. साइज मोठी ठेवून क्वालिटी खालची ठेवलीस, तर सुरकुत्या, केस, लुगड्याचं पोत सगळं सपाट होतं.

कार्डाची एवढी काटकसर कशासाठी गं? तुझ्या लग्नात मी दिलेला कॅमेरा १२ मेगापिक्सेलचा. पूर्ण साइजचा एक फोटो फार तर ५ एमबी. ३२ जीबीच्या कार्डात असे ६ हजारांवर बसतात. 'एस' म्हणजे ६४० बाय ४८०. चांगल्या प्रिंटला इंचाला ३०० ठिपके लागतात, म्हणजे त्याची प्रिंट जेमतेम दोन इंचांची! 'एल'वर तोच फोटो १३ बाय १० इंच निघतो. नंतर कॉम्प्युटरवर ताणून काही होत नाही, आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

तू पाठवलेला रिव्हरवॉकवरचा फोटोही पाहिला. मोझर टॉवर पूर्ण आलाय, आक्का पायथ्याशी. टॉवर सुमारे १६० फुटी, आक्का पाच फूट. उभ्या चौकटीची सगळी उंची टॉवरने घेतली, तर 'एस'वर आक्काच्या वाट्याला येतात वीस ठिपके, आणि तोंडाला दोन-तीन. तिला कॅमेऱ्याजवळ उभी कर, टॉवर मागे राहू दे. आणि डिजिटल झूमला हात लावू नकोस, तो फोटो नुसता कापतो. स्वतः चार पावलं पुढे जा.

माजघरातला आबांचा फोटो तुला आठवतो ना? तो आक्काच्या लग्नातल्या ग्रुप फोटोतून काढलाय. त्यात आबांचं तोंड तिळाएवढं होतं. एनलार्जरवर जितकं वाढवत गेलो तितके दाणेच वर आले. शेवटी भुवया, मिशा, ओठांची कड मी ब्रशने रंगवली. तू ज्यांना आजोबा म्हणून ओळखतेस, ते निम्मे माझ्या हातचे आहेत. मी तेव्हा स्टुडिओत नवा होतो. साऱ्या पेठेची लग्नं काढली. आबा रोज संध्याकाळी दुकानात येऊन बाकावर बसायचे, पण त्यांना एकदा दिव्यासमोर बसवावं असं मला सुचलं नाही. गिऱ्हाईक असायचं, रोल महाग असायचा. तुला तर रोलही लागत नाही.

म्हणून म्हणतो, एल आणि फाइन. पुढच्या आठवड्यात अरोराच्या बालाजीला आणि मग नायगाराला जाणार म्हणे. त्याआधी बघ. आम्हाला व्हॉट्सॲपवर पाठवतेस ते पाठवत राहा, पण तिथे फोटो लहान होऊन येतो. मूळ फोटो कार्डातून उडवण्याआधी दोन ठिकाणी ठेव.

फार बोललो, मनाला लावून घेऊ नकोस. नोकरी, पोरं, त्यात आईची हौस, एवढं करून तू रोज फोटो पाठवतेस. तुझ्या मामीने ते सगळे पाहुण्यांना दाखवलेत. आक्का तुझ्याकडे खूश आहे, आवाजावरूनच कळतं. नायगाराला तिला शाल घे, कानाला वारं लागू देऊ नकोस. आणि आजवर आलेल्या एकाही फोटोत तू नाहीस. जावईबापूंच्या हातात कॅमेरा दे आणि आक्काशेजारी बस. तो फोटो मला मूळ साइजमध्ये पाठव, मी इथे मोठा करून घेतो.

तुझा,
मामा