घरच्या घरी आधार

आपल्यापैकी अनेकांचे आईवडील आता इथे अमेरिकेत आपल्याकडेच असतात, म्हणून हा अनुभव लिहीत आहे. माझ्या आईच्या खुब्याचा सांधा बदलला. घरी आल्यावर पाचव्या दिवशी न्हाणीघरात तिचा तोल गेला, तिने टॉवेलची दांडी धरली आणि दांडी भिंतीतून उपटून आली. नशिबाने मी शेजारीच होतो. ती दांडी टॉवेलापुरतीच असते, हे मला, इंजिनिअरला, तेव्हा सुचले!

दुसऱ्या दिवशी 'ग्रॅब बार' आणला. तो नुसत्या ड्रायवॉलवर लावू नये. आतल्या लाकडी स्टडमध्ये स्क्रूने पक्का करावा. रबरी वाट्यांनी चिकटणारे बार स्वस्त असतात, पण अवचित सुटतात. मी ते घेणार नाही.

आई जन्मभर पाटावर बसून अंघोळ करणारी. डॉक्टरांनी काही आठवडे खाली बसायला मनाई केली होती. टबची कड ओलांडणे तर अशक्यच. त्यावर 'ट्रान्सफर बेंच' उपयोगी पडला. त्याचे दोन पाय टबात, दोन बाहेर. बाहेर बसायचे आणि हळूहळू आत सरकायचे. सोबत लांब नळीचा शॉवर. तांब्या मात्र तिने सोडला नाही.

आता पैशाचे. डॉक्टरांची चिठ्ठी असेल तर मेडिकेअरचा पार्ट बी वॉकर किंवा काठीच्या मान्य किमतीचे 80 टक्के देतो, वर्षाचे डिडक्टिबल भरल्यावर. दुकान मेडिकेअर घेणारे हवे. ग्रॅब बार, अंघोळीची खुर्ची, उंच कमोड सीट यांना मात्र काही मिळत नाही. रुग्णाला खोलीबाहेर जाता येत नसेल तर कमोडची खुर्ची मिळू शकते. पुढे हिंडूफिरू लागल्यावर तिचे भांडे काढून तीच चौकट संडासावर ठेवली, की उंच सीट आणि हातांना आधार दोन्ही होते. वेगळी सीट आम्ही घेतलीच नाही.

काठी आई दुखऱ्या बाजूला धरत असे. थेरपिस्टने ती दुसऱ्या हातात दिली आणि उंची मनगटाच्या घडीपर्यंत केली. चालण्यात लगेच फरक पडला.

खरेदीपूर्वी गावातल्या सीनियर सेंटरला फोन करून 'इक्विपमेंट लोन क्लोझेट' आहे का, ते विचारावे. अशा ठिकाणी वस्तू बहुधा फुकट वापरायला देतात. आमचा बेंच तिथलाच. तीन महिन्यांनी धुऊन परत केला.